थोरलीचा टाक

हुपरी, २० सप्टेंबर २०२२

शालनअक्कांना जयमालेचा नमस्कार.

नावाच्या आधी काय लिहावं, यातच माझा तास गेला. सौ. लिहावं, तर मग मी कोण? आणि कै. लिहायची आमच्या घराला एकोणीस वर्षांची सवय. म्हणून जागा मोकळीच सोडलीय. राग मानू नका.

मी रावसाहेबांची दुसरी बायको. वकिलाच्या नोटिशीवर तुमचा पत्ता होता, तो उतरवून घेतला. नोटीस तुम्हाला मिळालीच असेल. तिच्यात काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे. काय लिहिलेलं नाही, तेवढं सांगते.

दोन हजार तीनच्या वैशाखात माझं लग्न झालं. सासूबाईंनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं, की थोरली सून बाळंतपणाला चंदगडकडं माहेरी गेली आणि बाळासकट तिकडंच वारली. माझे वडील शंकेखोर. ते म्हणाले, "मग थोरलीचा टाक कुठं हाय? टाक नसंल तर पोरगी देत न्हाई. उद्या सवत नडली तर निस्तरायचं कुणी?" झालं. चांदीकाम घरचंच, ह्यांनी तीन दिवस पुढच्या खोलीत दार लावून स्वतःच्या हातानं टाक घडवला. रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उभी बाई, डाव्या हातात पळी. काळ्या दोऱ्यात ओवून तो मंगळसूत्राआधी माझ्या गळ्यात पडला.

म्हणजे तुम्ही माझ्या लग्नाला होतात.

तेव्हापासून आजतागायत मी नवी साडी आधी तुम्हाला लावते, मग नेसते. बांगडी भरली की आधी टाकाला टेकवते. पहिलं मूल चौथ्या महिन्यात गेलं, तर सासूबाई म्हणाल्या, "थोरली नडतीया." ऋतिका झाली, पाच वर्षांची झाली नि तापात आकडी यायला लागली, तेव्हाही तुम्हीच. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला तुमच्या नावानं सवाष्ण जेवते. खीर, वडे, हिरवं खणाचं पोलकं. तुमच्या वाटचं काही कमी केलेलं नाही, हे आधी लिहून ठेवते.

या श्रावणात ह्यांना हार्टअटॅक आला. दवाखान्यात माझा हात घट्ट धरून म्हणाले, "जयमाला, शालन हाय. मेलेली न्हाई. मी मेलो तर तुझं कसं व्हायचं?" मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ऐकलं आणि हात आपोआप गळ्याकडं गेला.

आता कोर्टाचं. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, थोरली जिवंत आणि घटस्फोट झालेला नाही, म्हणजे माझं लग्न कायद्यानं लग्नच नाही. उद्या ह्यांचं काही झालं, तर कुंकू माझं पुसायचं आणि विधवा तुम्ही व्हायच्या. घराच्या दारात मी कोण, म्हणून विचारलं तर सांगायला एक कागद नाही. तुम्ही दोघांनी मिळून संमतीनं अर्ज केला तर सुटका लवकर होते. कायमची पोटगी एकरकमी ठरवून देतील. एकवीस वर्षं तुम्ही वेगळ्या राहताय, तुमचं तिकडं बस्तान बसलं असेल. सही करायला काय हरकत आहे?

काल नवमी झाली. तुम्ही जिवंत आहात हे महिनाभरापासून माहीत असून मी पुन्हा सवाष्ण जेवू घातली. टाळायचं धाडस झालं नाही. घास तिच्या तोंडात जायचा आणि मला वाटायचं, त्या तिकडं बसलेल्या बाईला ठसका लागेल. लागला का?

आपली,
जयमाला


हुपरी, ५ नोव्हेंबर २०२२

शालनअक्का,

तुमचं चार ओळींचं उत्तर आलं. तुम्ही लिहिता, "ठसका लागला नाही. तुम्ही आहात हेच मला माहीत नव्हतं."

अक्का, हे तुम्ही लिहायला नको होतं.

माझं पहिलं मूल गेलं ते तुमच्या शापानं, असं मी धरून चालले. आकडीत ऋतिकाचे डोळे फिरायचे, तेव्हा मी टाक मुठीत धरून तुमच्या पाया पडायचे, "अक्का, सोडा, लेकरू आहे." चुलीपुढं, अंघोळीला, हातातला डाव पडला तर, दूध नासलं तर, तुमच्याशी बोलायचे. नवऱ्याशी बोलले नसेन एवढं तुमच्याशी बोललेय. आणि तुम्ही चंदगडला काजूच्या कारखान्यात काजू फोडत होतात, आणि जगात जयमाला नावाची बाई आहे याची तुम्हाला खबर नव्हती! मग इतकी वर्षं मला नडलं कोण?

तुमचा काही दोष नाही, मला कळतं. तरी राग तुमचाच येतो. मेलेल्या माणसावर रागवायची सवय आहे, जिवंतावर कसं रागवायचं ते शिकते आहे.

तुम्ही विचारलंय, न्यायला का आलं नाही कोणी. मी ह्यांना विचारलं. आधी म्हणाले, "आता कशाला जुनं उकरतीस?" मग म्हणाले, "आई म्हणायची, जिला मेलेलं मूल झालं ती परत या उंबऱ्यात नको. डावखुरी हाय, डाव्या हातानं वाढती, म्हणूनच झालं." "आणि तुम्ही?" तर म्हणाले, "मी आज जाईन, उद्या जाईन म्हणत होतो." एवढंच. आज-उद्यात एकवीस वर्षं. सासूबाई गेल्या त्याला तीन वर्षं झाली, तरी ह्यांची उद्याची सकाळ उजाडली नाही.

तुमचा होकार वकिलांकडं पोचला, तारीख फेब्रुवारीत लागेल म्हणतात. मी पण येणार आहे. माझं कोर्टात काही काम नाही, वकीलबाई म्हणाल्या, घरीच थांबा. मी म्हटलं, मला बघायचंय.

जयमाला


हुपरी, १२ फेब्रुवारी २०२३

शालनअक्का,

आपण एका बाकावर पाऊण तास बसलो आणि एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. म्हणून आज लिहिते.

मी तुम्हाला ओळखलं नव्हतं. मला वाटलं होतं, तुम्ही उंच असाल. टाकावर उंच दिसता. तुम्ही आपल्या भावाबरोबर एसटीनं आलात, पायात साधी चप्पल, पिशवीत पाण्याची बाटली, आणि बोटांची टोकं काजूच्या चिकानं काळी पडलेली. मला वाटलं, कुणाच्या तरी जमिनीच्या केसला आलेली बाई आहे. म्हणून सरकून जागा दिली.

मग ती पलीकडची म्हातारी. जातिवंत भोचक! माझ्या गळ्याकडं बघून म्हणाली, "सवतीचा टाक काय गं? कवा गेली?"

तुम्ही टाकाकडं वळून बघितलं. चांगलं निरखून बघितलं. आणि म्हणालात, "लई वरसं झाली, मावशी."

म्हातारी म्हणाली, "तुझ्या वळखीची हुती?"

"हुती थोडीफार."

"कशानं गेली?"

"वाट बघून."

तेव्हा मला कळलं तुम्ही कोण ते. अक्का, दुपारचे बारा वाजले होते, कोर्टाच्या व्हरांड्यात माणसांची ही गर्दी, चहावाला ओरडत होता, आणि मला सरळ दिसत होतं की मी जिचा टाक घालून बसलेय ती माझ्या मांडीला मांडी लावून बसलीय. उठून पळावंसं वाटलं. म्हातारी आपली "सुटली बिचारी" म्हणून तपकीर ओढत बसली.

आत मी दाराशी उभी होते. तुम्ही डाव्या हातानं सही केलीत. ह्यांनी नजर खाली घातली. मी त्यांना लग्नानंतर विचारलं होतं, टाकावर पळी डाव्या हातात कशी? तर म्हणाले होते, ठसा उलटा पडला. चांदीकाम करणाऱ्याचा ठसा कधी उलटा पडत नाही, हे मला एकोणीस वर्षं चांदीच्या सांध्यांना झाळ देऊन कळायला नको होतं? तुमच्याविषयी खोटं सांगायला बसला माणूस, आणि हातानं खरं तेच घडवलं.

जजसाहेबांनी विचारलं, संमती स्वखुशीनं आहे का? तुम्ही म्हणालात, "आहे." पोटगीचा आकडा तुमच्या वकिलांनी वाचला, ह्यांच्या वकीलबाईंनी मान हलवली. जजसाहेब म्हणाले, कायद्याप्रमाणं सहा महिने विचार करा, मग दोघांनी परत येऊन सांगा. आणि तुम्ही म्हणालात, "साहेब, आज माझी मी आले. पुढल्या खेपेला न्यायला आले तर येईन. न्हाईतर न्हाई."

सगळे हसले. तुमचे वकीलसुद्धा. कारकून म्हणाला, "हे कशात लिहायचं, साहेब?" तुम्ही हसला नाहीत. ह्यांनी रुमालानं मान पुसली.

बाहेर आल्यावर ह्यांचं सुरू झालं, "अडवून धरतीया. पोटगी वाढवायची असंल." मी म्हटलं, "गाडी घेऊन जा की, आणा." तर म्हणाले, "कुठल्या तोंडानं जाऊ तिच्या दारात?" मला पहिल्यांदा त्यांची कीव आली नाही.

खरं सांगू? वाईट मलाही वाटलं, पण तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. वाटलं, ही बाई दुसरी सही करणार नाही. हे जाणार नाहीत, ही येणार नाही, आणि मी अशीच अधांतरी मरणार. तुमच्यासाठी वाटलं, एवढं खोटं मी तुम्हाला लिहिणार नाही. तसं मी पुष्कळ लिहिलंय.

जयमाला


हुपरी, २ ऑगस्ट २०२३

शालनअक्का,

कोर्टाची १८ तारीख जवळ आली. हे पत्र चार वेळा फाडलं. पाचव्यांदा फाडणार नाही.

मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, तुम्ही जिवंत आहात हे मला दवाखान्यात पहिल्यांदा कळलं. ते खोटं आहे.

दोन हजार अकराच्या जूनमध्ये तुमचं कार्ड आलं होतं. सासूबाई वाचायला शिकलेल्या नव्हत्या, हे चांदी आणायला तमिळनाडूत सेलमला गेले होते. पोस्टमननं कार्ड माझ्या हातात दिलं. तुम्ही ह्यांना लिहिलेलं. मी दारातच वाचलं. दोनदा वाचलं. मग आत गेले. भट्टी पेटलेली होती, मुशीत चांदी वितळत होती. कार्ड भट्टीत टाकलं.

कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. सासूबाईंचं नाव पुढं करता आलं असतं, त्या आता नाही म्हणायला येणार नाहीत. पण ते मीच केलं. ऋतिका सहा वर्षांची होती, तिच्या आकड्या नुकत्या थांबल्या होत्या. मला वाटलं, ही आली तर मी कुठं जाऊ? माहेरी वडील गेले होते, भावजय पाणी पाजणार नव्हती. मेलेली सवत गळ्यात बांधून राहता येतं. जिवंत सवत घरात घेऊन नाही राहता येत. मी तेवढा विचार केला आणि भाकरी थापायला बसले.

त्या महिन्यात ऋतिकाची आकडी परत आली.

तेव्हापासून अक्का, मी तुम्हाला भ्यायले ते वेगळंच भ्यायले. आधी मला वाटायचं, मेलेली बाई नडते. मग कळत होतं, ती मेलेली नाही, तिला मी मारलीय. दर नवमीला सवाष्ण जेवायला बसली की मी ताटाकडं बघायचे नाही. खीर दुप्पट करायचे. हिरव्या खणाबरोबर साडी द्यायला लागले. सासूबाई लोकांना कौतुकानं सांगायच्या, "धाकटीची थोरलीवर किती भक्ती!" टाक उन्हाळ्यात तापायचा, त्याचा गळ्याखाली डाग पडलाय. काढून ठेवला तर जास्त भीती वाटायची. ऋतिका मोठी झाली, बारावीला गेली, डॉक्टर म्हणाले ताप डोक्यात जायचा म्हणून व्हायचं, आता होणार नाही. तरी मी तिच्या कपाळाला हात लावायच्या आधी टाकाला लावते.

तुमच्या पहिल्या उत्तरात "तुम्ही आहात हेच मला माहीत नव्हतं" असं वाचलं, तेव्हा मी रडले ते वेगळ्या कारणानं. तुम्ही न आलेल्या उत्तराचा दोष ह्यांच्यावर ठेवून बसला होतात. इतकी वर्षं.

हे मी आता का सांगते? न सांगता तुम्ही सही केली असती, तर माझं लग्न कागदावर झालं असतं आणि मी गळ्यात तुम्हाला घेऊन पुन्हा बोहल्यावर चढले असते. ते माझ्यानं होणार नाही. वकीलबाईंना कळलं तर कपाळावर हात मारतील. ह्यांना सांगितलंय. पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले, मग आपल्या चांदीच्या कारखान्यात जाऊन बसले.

आता तुमच्या कार्डाचं उत्तर लिहिते. बारा वर्षं उशीर झालाय. १८ तारखेला पहाटे मी गाडी घेऊन तुमच्या वाडीला येतेय, न्यायला. हे येणार नाहीत, मी येणार. यायचं नसेल तर दार लावून घ्या. मी दार वाजवणार नाही, दहा मिनिटं थांबेन आणि परत जाईन.

जयमाला


हुपरी, ८ ऑक्टोबर २०२३

शालनअक्का,

निकालाची नक्कल मिळाली. तुमची तुमच्या वकिलांकडं पाठवलीय. पोटगी तुमच्या खात्यात पोचली, असं तुमच्या भाऊंनी फोनवर सांगितलं. ह्यांना रक्कम हप्त्यानं द्यायची होती. मी म्हटलं, एकदाच द्या, उद्याचं नाव काढू नका.

त्या १८ तारखेला मी काही बोलू शकले नाही, ते आज लिहिते.

तुमचं दार उघडं होतं. ते बघितलं आणि मी ओटीचं ताट घेऊन गाडीतून उतरले. तुमची वहिनी कडक आवाजात म्हणाली, "आता आणलीया व्हय ओटी?" ती बोलली ते बरं झालं, कुणीतरी बोलायला हवंच होतं. तुम्ही उंबऱ्यातच पदर पसरलात. खण, नारळ, तांदूळ घेतलेत. घडी केलेली पिवळी साडी नेसला होतात. मला नंतर भाऊ म्हणाले, ती बाळंतपणाच्या वेळची, परत जाताना नेसायची म्हणून ठेवलेली. मला आधी कळलं असतं तर मी गाडीतून उतरलेच नसते.

नेसरी गेलं, गडहिंग्लज गेलं. संकेश्वरच्या पुढं म्हणालात, "कार्डावर काय लिवलं हुतं, सांग बघू."

मी म्हणून दाखवलं. "रावसाहेबांस शालनचा नमस्कार. मी बरी आहे. वडील वारले. बाळाचं झालं त्यात माझी चूक नव्हती, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे, कागद जपून ठेवला आहे. न्यायला कोणी येणार असाल तर कळवा. नसाल येणार तरी कळवा."

तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. म्हणालात, "एक शबुद चुकला न्हाई."

"दररोज म्हणायचे मनात," मी म्हटलं.

"मग तुला नडली ती मी न्हवं. ते कार्ड नडलं."

बस्स. मी तुमची क्षमा मागितली नाही, कारण मागितली असती तर तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. तुम्हीही ती केलेली नाही. ते मी मोजून घरी आणलंय.

आत पाच मिनिटं लागली. तेवीस वर्षांच्या लग्नाला पाच मिनिटं. ह्यांनी सही केली, तुम्ही डाव्या हातानं केली. हे काही बोलायला पुढं झाले, तर तुम्ही म्हणालात, "तब्येतीला जपा," आणि बाहेर आलात. आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर हात पुढं केलात.

"टाक दे."

दोरा निघेना. वीस वर्षांची गाठ. तुम्हीच दातानं तोडलात. हातावर घेऊन उन्हात बघितलात, म्हणालात, "नाक काय धड काढलं न्हाई बाबानं." मग पदराच्या गाठीला बांधलात आणि म्हणालात, "ह्यो माझा. पोटगीत धर."

तुम्ही एसटीत बसलात. सोडायला येते म्हटलं तर नको म्हणालात. "न्यायला आलीस, झालं. जायची मला सवय हाय."

ह्यांनी घरी विचारलं, "टाक कुठं गेला?" मी म्हटलं, "जिचा तिनं नेला."

काल नवमी झाली. दरवर्षीची सवाष्ण आपणहून दारात आली, रिकाम्या पोटी. तिला काय सांगणार? जेवू घातली. पण नाव कुणाचं घेतलं नाही. तिनं दोनदा विचारलं, "थोरलीचं नाव घ्यायचं इसरलीस काय?" मी म्हटलं, "ती बरी हाय." बाईनं घास तसाच ताटात ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिली. आता गावभर होईल. होऊ दे.

मला वाटलं होतं, टाक गेला की गळा हलका होईल. होत नाही. डाग तसाच आहे. हात दिवसातून दहा वेळा तिथं जातो आणि कातडीला लागतो. घर शांत आहे. इतकं शांत की मी चुलीपुढं बोलायला तोंड उघडते आणि कुणाशी बोलावं कळत नाही.

तुळशीचं लग्न झालं की आमचं देवळात लग्न आहे. मग नोंदणी. चव्वेचाळिसाव्या वर्षी बोहल्यावर! ऋतिका म्हणते, "मम्मी, मीच करवली." हसतेय सारखी. आता मी साध्या कागदावर का होईना, कुणीतरी असेन. तुमच्यामुळं.

एक काम आहे. या पत्राबरोबर पार्सल आहे, त्यात हिरवी साडी आहे. लग्नात नेसायला घेतलेली. दुकानातून आणली, पदर उचलला, गळ्याशी नेला, आणि तिथं तुम्ही नव्हतात. तशीच घडी करून ठेवली. चार दिवस झाले, उघडवत नाही.

ठेवून घेऊ नका. एकदा अंगाला लावा आणि परत पाठवा. त्याशिवाय मला नेसता यायची नाही.

तुमची,
जयमाला